ग्लासातला फोन

आमच्या हिंगोलीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी बैठकीला येताना स्टीलचा रिकामा ग्लास घेऊन यायचे. नोकरीपायी पुण्या-औरंगाबादला गेलेल्या घरमालकांना ते एकेक करून फोन लावत, स्पीकर चालू करून मोबाइल त्या ग्लासात उभा करत आणि ग्लास एका खुर्चीवर ठेवत. आवाज घुमून सगळ्यांना ऐकू येई. मध्येच कुणी तोंड घातलं की म्हणत, "खुर्चीला बोलू द्या. काहून घाई करून राहिले?"

त्या रविवारी घाई सगळ्यांनाच होती. मोकळी जागा मोबाइलच्या टॉवरला द्यायची की लेकरांना खेळायला ठेवायची, यावर हात वर झाले आणि दोन्हीकडे सारखेच भरले. उरलं एक पुण्यातलं मत. ग्लासातून तिथल्या साहेबांचा नेहमीचा भारदस्त आवाज आला, "टॉवरला देऊन टाका."

सेक्रेटरी ग्लासाकडे वाकले. "साहेब, घर बाईंच्या नावावर हाये. फोन त्यांला द्या."

मग बैठकीत कधीच न ऐकलेला एक आवाज आला, "टॉवर नको. लेकरांला खेळू द्या."

एकच गलका झाला. त्या गलक्यात सेक्रेटरी ग्लास उंच धरून चवड्यांवर उभे होते. आतून बाई विचारत होत्या, "भाऊ, माझा हात मोजला का?"

"मोजला, बाई. समद्यांत उंच तुमचाच हाये."