माशी कुठं शिंकली?

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो दोनदा कापला. नंबर अनोळखी होता आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही शिकवण खुद्द दाजींचीच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, "मी कमल बोलते, बदलापूरवरनं. तुमच्या ताईच्या भिंतीपल्याडची. भाऊ गेले हो... तुम्ही निघा." आधी माझा विश्वासच बसला नाही. कमल मला कशाला फोन करेल? याच बाईवर दाजींनी एकदा विष घातल्याचा आळ घेतला होता. मी ताईचा नंबर लावला, तो नुसता वाजत राहिला. दाजींचा लावला, तोही वाजत राहिला. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आमच्या कॅम्प चारच्या नाक्यावर रिक्षा पकडली, पण अंबरनाथ मागे पडेपर्यंत डोक्यात तेच, की ही बाई खरं बोलत असेल का... खोटं बोलत असली तर बरं, असंही वाटत होतं.

ती खरंच बोलत होती. सकाळी परसात खुराडं साफ करताना दाजी खाली बसले आणि उठलेच नाहीत. भिंतीवरून कमलनं पाहिलं, तीच धावत आली, तिनंच रिक्षा बोलावली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. ताई पायाशी बसली होती. दोघींचे फोन घरीच राहिले होते, म्हणून दवाखान्यातल्या कुणाचा तरी मागून, ताईला पाठ असलेला माझा नंबर कमलनं लावला होता. आज हे लिहायला बसले ते ताई म्हणाली म्हणून. "सगळं लिही," ती म्हणाली, "माझंही लिही."

वसंतराव माझे मोठे दाजी. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होते, आयुष्यभर पिंपं आणि पोती हाताळली. तिथंच त्यांच्या नाकाला संशयाची सवय लागली असावी. ताईला बघायला आले तेव्हा आईनं दिलेला चहा त्यांनी आधी नाकाशी नेला, मग तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा नाकाशी नेला. आईचा चेहरा उतरला. हा मुलगा आत्ताच असा, पुढं पोरीला काय सुखानं नांदवणार, असं तिनं आतल्या खोलीत वडिलांना ऐकवलंही. दाजींनी तो चहा एका घोटात संपवला. नंतर कळलं, स्टोव्ह भरताना चार थेंब रॉकेल पातेल्यात पडलं होतं. बाकी सगळ्यांचे चहा दुसऱ्या पातेल्यातले. लग्न ठरलं खरं, पण आई शेवटपर्यंत म्हणायची, जावयाच्या नाकाला फार जपावं लागतं.

दूधवाला, पपईवाला, मीटर बघायला येणारा माणूस, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. रिक्षावाल्यानं नेहमीचं वळण सोडलं की हे पुढं वाकून विचारणार, "इकडून का?" पोटात मात्र काही नसे. उत्तर पटलं की विषय संपला. एवढंच, की त्यांचा संशय सगळं गाव फिरून यायचा आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या दारात पोहोचायचा.

निवृत्तीनंतर बदलापूर गावातल्या घरी, परसात त्यांनी गावठी कोंबड्या पाळल्या. पहिल्या पावसाळ्यातच माश्या झाल्या. चहाच्या कपावर, देवघरातल्या केळ्यावर, वाळत घातलेल्या टॉवेलवर, जिकडंतिकडं माश्या. कमल भिंतीवरून ओरडायची, कोंबड्या तुम्ही पाळायच्या आणि माश्या आम्ही. दाजींना ते मान्य नव्हतं. त्यांचा संशय कमलच्या मोरीवर होता. रोज भिंतीपाशी उभे राहून ते माश्या कुठून येतात ते बघत बसायचे. ताई म्हणायची, माश्यांनाही आता ओळखपत्र मागतील. फवारा मारून टाका, असं सगळेच सांगत होते. त्यांनी ते कधी ऐकलं नाही. मेलेली माशी कोंबडी टिपते, कोंबडीचं अंडं आपण खातो, मग फवारा शेवटी कुणाच्या पोटात जातो, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी स्वतः खटपट सुरू केली आणि पहिलाच डाव फसला. प्लास्टिकच्या बाटलीत गुळाचं पाणी आणि बोंबलाची डोकी घालून त्यांनी सापळा केला, मानेला भोकं पाडली आणि बाटली टांगली ती नेमकी खुराड्याच्या दारात. दुसऱ्या दिवशी बाटली माश्यांनी भरली, पण त्या वासानं आणखी कितीतरी माश्या परसात गोळा झाल्या होत्या. कमलनं पदर नाकाला लावून जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाटली लांब, शेवग्यापलीकडच्या कोपऱ्यात गेली तेव्हा कुठं तिचा उपयोग व्हायला लागला. खुराड्यात अंथरायला कोरडा भुसा हवा होता, तो मी न्यायचे. आमच्या गल्लीत फर्निचरचा कारखाना आहे, मालक सिंधी, मला 'दीदी ले जाओ' म्हणून पोतंभर भुसा द्यायचे. दाजी त्या पोत्यातही हात घालून मूठ नाकाशी नेत. प्लायवूडचा वास आला की पोतं परत. "याच्यात गोंद आहे, साध्या लाकडाचा आण," म्हणायचे, आणि मी तणतणत पुन्हा मालकाकडं जायचे.

माश्यांचं मूळ शेवटी त्यांना सापडलं ते कमलच्या मोरीत नव्हतं. त्यांच्याच पाण्याच्या भांड्याला बारीक चीर होती, खालची शिट कायम ओली राहत होती आणि अंथरलेल्या पोत्याखाली अळ्या वळवळत होत्या. त्यांनी कोंबड्यांना तिथं मोकळं सोडलं. उकरून उकरून कोंबड्यांनी ती जागा साफ करून टाकली. नंतर भांडं विटेवर गेलं, खुराडं रोज सकाळी खरवडलं जाऊ लागलं, शिट दूरच्या खड्ड्यात वाळल्या पानांखाली झाकली जाऊ लागली. माश्या गेल्या नाहीत, माश्या कधी जात नाहीत, पण चहा सुखानं पिता येऊ लागला. कमलची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. भुशाचं अर्धं पोतं तिच्या म्हशीच्या गोठ्यापाशी नेऊन ठेवलं, न बोलता. तिनं ते वापरलं, न बोलता.

मागच्या वर्षी माझी भाची अश्विनी बाळंतपणाला आली. मुलगी झाली. पावसानं चार दिवस उघडीप दिली नाही, भुसा ओला झाला आणि माश्या पुन्हा वाढल्या. बाळाला मच्छरदाणीत ठेवायचे, तरी दूध पाजताना एखादी माशी ओठावर येऊन बसायची. ताईला ते बघवेना. दाजी म्हणत, ऊन पडू दे, दोन दिवस दम धर. ताईनं दम धरला नाही. बाजारात गेली, पुडी घेऊन आली. पिवळे, साखरेसारखे दाणे. दुकानदारानं सांगितलं होतं, घरात लहान बाळ असलं तरी चालतं. दाजी पेन्शनच्या कामाला अंबरनाथ पश्चिमेला गेले होते, तेवढ्यात तिनं ते दाणे कमलच्या आणि आपल्या मधल्या भिंतीवर टाकले. उंचावर आहेत, कोंबड्या कशाला पोचतात, असं तिला वाटलं.

गावठी कोंबडी ती... भिंत तिला काय उंच!

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी भुशाचं पोतं घेऊन पोहोचले तेव्हा परसात कोंबड्या पाय टाकून पडल्या होत्या, चोचीतून लाळ गळत होती. एक तलंग मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. दाजी तिच्यामागे वाकून चालत होते, तिला धरायलाही धजत नव्हते. भिंतीवरचे दाणे त्यांनी हातात पिशवी घालून गोळा केले. जनावरांच्या दवाखान्यात दाखवले. डॉक्टर म्हणाले, हे माश्यांचं विष आहे, पण गोड असतं म्हणून पाखरंही खातात. ज्या वाचल्यात त्यांचीही अंडी काही आठवडे कुणाला देऊ नका. बाळंतिणीला रोज त्याच घरची अंडी जात होती. दाजींनी टोपलीतली सगळी अंडी खड्ड्यात पुरली, मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून खोल पुरल्या आणि हात धुताना म्हणाले, "भिंतीपलीकडून आलंय हे."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आदल्याच आठवड्यात कमल म्हणाली होती, या कोंबड्यांचं एक दिवस बघतेच मी. दाजींनी भिंतीपाशी जाऊन तिला हाक मारली आणि तोंडावर विचारलं. ती शपथा घेत राहिली, शेवटी रडली. दाजींना ते रडणंही खोटं वाटलं. जेवण झालं नाही, चहा झाला नाही. संध्याकाळी त्यांनी दाण्यांची पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि चौकीत जातो म्हणाले. मी उंबऱ्यात उभी होते. ताई आत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बाळ अश्विनीकडं दिलं आणि दारात आली.

"पुडी मी आणली," ती म्हणाली.

दाजींना आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, दुकान सांगितलं, दाणे कसे टाकले ते सांगितलं. मी दाजींच्या चेहऱ्याकडं बघत होते. आता हे ओरडतील असं मला वाटलं. ते चपला न काढता तसेच खाटेवर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "बाळाजवळ कुठं टाकलेस?"

"नाही."

"हात धुतलेस?"

"साबणानं."

मग ते उठले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, पाय मोकळे करायला गेले असतील. तर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. कमलच्या ओट्यावर उभं राहून ते सांगत होते, "दाणे मीच टाकले होते. माझ्या लक्षात राहिलं नाही. उगाच तुमच्यावर आळ घेतला, माफ करा." कमलनं त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. गल्लीतली माणसं गोळा झाली. जन्म केमिकलमध्ये काढलेला माणूस आपल्याच कोंबड्यांना विष घालतो आणि विसरतो, याला काय म्हणावं... दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. ताई बाहेर जायला निघाली तेव्हा अश्विनीनं तिचा हात धरला. परत आल्यावर दाजी एवढंच म्हणाले, की बाळंतिणीच्या घरात आता यावर बोलणं नको. आणि खरंच, आपणहून ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

गल्ली मात्र बोलत राहिली. ते दुकानात गेले की कुणी ना कुणी म्हणणार, भाऊ, साखर घेताय ना, की दाणे? कमल तर भिंतीवरून सरळ 'येडे भाऊ' म्हणायची. दाजी हसायचे. जो माणूस कुणावर विश्वास ठेवत नव्हता, त्याच्या स्मरणशक्तीवर आता गल्लीत कुणाचाच विश्वास नव्हता. ताईनं मला कितीदा विचारलं असेल, जाऊन सांगू का कमलला? मी म्हणायचे, दाजींना विचार. ती विचारायची आणि दाजी म्हणायचे, "मला काय फरक पडतो? तुला इथं रोज या बायकांत पाण्याला जायचंय." मलाच कधी कधी शंका यायची, आतून हे ताईवर रागावले तर नसतील? एकदा बघितलं, ते तिच्या हातचा चहा घेत होते. कप उचलला आणि सरळ तोंडाला लावला. वास घेतला नाही.

तेरावं झालं, अश्विनी बाळाला घेऊन सासरी गेली. कमल रोज संध्याकाळी भाकरी-पिठलं घेऊन यायची. एकदा तिचं भांडं परत देताना ताईनं तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. मी तिथंच होते. कमल ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे वर्षभर मी ज्याला येडा म्हणली..." आणि भांडं घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ताईला वाटलं, संपलं. कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकते, असं म्हणायला लागली.

तिसऱ्या सकाळी परसातून खरवडल्याचा आवाज आला. ताई जाऊन बघते तर कमल खुराड्यात वाकली होती. ओला भुसा काढून तिनं बाहेर ढीग केला होता. ताईकडं न बघता ती म्हणाली, "माश्या माझ्याकडंच येतात ना, वहिनी. म्हणून करते."

मागच्या रविवारी मी गेले होते. दुपारी फाटकाशी एक विक्रेता आला, पाठीवर पंप. माश्या, झुरळं, सगळ्यावर एकच औषध, कोंबड्यांनाही काही होत नाही, म्हणाला. ताईनं विचारलं, त्यात काय आहे? तो म्हणाला, आयुर्वेदिक. ताईनं विचारलं, आयुर्वेदिक म्हणजे काय काय? त्याला सांगता येईना. कमल भिंतीवरून म्हणाली, मग आधी स्वतःच्या हातावर मारून दाखव. तो हसला आणि त्यानं पंप काही हातात घेतला नाही. ताईनं नको म्हटलं, फाटकाला कडी घातली. तो गेला, तरी ती आत आली नाही. समोरच्या घरी तो थांबतो का, पुढं कुणाच्या परसाकडं वळतो, ते बघत फाटकाशीच उभी राहिली. पलीकडं कमलही उभी होती. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, तेव्हा कुठं दोघी आपापल्या घरात गेल्या.