सटवाईचं हसू

न्हाऊन, धुरी घेऊन लेक दुपट्ट्यात गाढ झोपली होती. अचानक तिच्या ओठांचा कोपरा वर गेला. बारा दिवसांत पहिल्यांदाच. मी ओरडले, "हसली! माझ्याकडे बघून हसली!"

तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या सखूबाई तेलाची वाटी पुसत म्हणाल्या, "तुमच्याकडं कुठलं? डोळं मिटल्यात की तिचं. सटवाई हसवतीया."

दवाखान्यातून निघताना डॉक्टरही तेच म्हणाले होते. मुठीत बोट धरणं, दचकून हात फेकणं, झोपेत हसणं, सगळं आपोआप होतं. त्याला अजून अर्थ नसतो. देवी म्हणा नाहीतर नसा म्हणा, ते हसू माझ्यासाठी नव्हतं. सलग तासभर झोप नाही, टाके ओढतायत, अंगाला आंबूस दुधाचा वास, आणि मी त्या एका हसण्यासाठी टक लावून बसलेली.

तेवढ्यात शेजारच्या काकू झबलं-टोपडं घेऊन आल्या. "कशी आहेस गं?"

"एकदम मजेत!" मी हसले. बारा दिवस येईल त्याच्यासमोर हेच हसतेय. माणूस हसायला शिकतो खरा, पण पुढे ते इतकं अंगवळणी पडतं, की पुन्हा आपोआपच येऊ लागतं.

काकू गेल्या. सखूबाई दारात चपला घालता घालता थांबल्या. एरवी मला अहो-जाहो करणारी ती बाई माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली,

"आन् तुला गं कोन हसवतंय, बाय?"