बंड्याचं औषध

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. आक्का जाऊन वर्ष होत आलं. लोक अजून म्हणतात, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आक्का माझी थोरली बहीण. शाळेत शिकवून तिने मला वाढवलं. कंबर गेल्यावर कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती अंथरुणाला खिळली. तिचा जीव एका गावठी कुत्र्यात — बंड्यात. त्याच्या मांडीवर जखम झाली, पू धरला. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा स्प्रे दिला. "सर, आधी जखम पुसायची, मग फवारायचं. वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. धरून बसा."

धरून बसा! मी संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाचायला बसणारा माणूस. सोवळंओवळं थोतांड आहे, असं व्याख्यानांतून सांगणारा. वर्गात करुणरस शिकवून मुलांना रडवलंय मी — मग त्या जनावराला हात का लावला नाही? किळस वाटली म्हणून. एवढंच.

मी काय करायचो? गॅलरीत जायचो, बंड्याला पायाशी बसवायचो — आणि स्प्रे हवेत मारायचो. आत आक्का कान देऊन असायची.

"पुसलंस का रे आधी?"

"पुसलं."

"चाटत नाही ना?"

"अगं, धरलंय."

पुस्तक धरलेलं असायचं.

बाटली संपली की नवी आणायचो. दुकानदार म्हणाला, "सर, किती करता हो मुक्या जनावराचं!" मी हसलो. हसू आलं तरी कसं मला?

जखम पसरत गेली. आक्काने डॉक्टरांना फोनवर झापलं, "औषध देता की पाणी?" शेजारी बसून मी मान डोलावली. शेवटी तिला त्याचे हाल बघवेनात. तिची जुनी विद्यार्थिनी शालन लोणी काळभोरला असते. शेवटचे दिवस तरी मोकळ्यावर जाऊ देत, म्हणून आक्काने त्याला तिच्याकडे पाठवलं. बाटलीही सोबत द्यायला लावली.

महिन्याभराने शालनचा फोन आला. "सर, बरा हाय की बंड्या! केसबी आलं. तेच औषध मारलं रोज. बाईंना सांगा, कधी नेताय?"

तेच औषध. बंड्या परत आला असता, तर आक्का मला काय विचारणार होती, ते मला माहीत होतं. आत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून मी शालनला म्हणालो, आक्काला आता झेपणार नाही, तुमच्याकडेच राहू दे. फोन ठेवला.

"शालनचा ना रे?" आतून आक्का म्हणाली. "गेला का बंड्या?"

"हो."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. "माझ्याने उठवलं असतं, तर वाचला असता."

मी तिचं पांघरूण नीट केलं. पुढे ती तीन महिने जगली. मी सांगितलं नाही.

बंड्या लोणीला आहे. मी त्याला बघायला गेलेलो नाही.