संतराममामांचं नऊशे ऐंशी

सेनगावच्या त्या ज्युनिअर कॉलेजात प्राचार्य बदलत, पंखे बदलत, एकदा तर इमारतही बदलली. बदललं नाही ते संतराम आडे यांचं निळं पुस्तक. संतराममामा फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे परिचर. कमरेला चौदा किल्ल्या, आणि साहित्य असं जपलेलं की सव्वीस वर्षांत एकाही पोराचा हात त्याला लागला नव्हता. प्रयोगावाचून कुणाचं अडलंही नाही. पुस्तकात सगळ्या प्रयोगांची रीडिंगं तयार होती. लंबकावरून गुरुत्वाकर्षण काढलं की सेंटिमीटरच्या हिशेबात उत्तर नऊशे ऐंशी. दरवर्षी चाळीस जर्नलं, चाळीस वेळा नऊशे ऐंशी. परीक्षेला येणारे बाहेरचे सरसुद्धा कधीकाळी असल्याच कुठल्या तरी पुस्तकावर शिकलेले. ते प्रेमानं सही करत.

यंदा नव्या दिपामॅडम आल्या आणि त्यांनी तीन कॉम्प्युटरांवर एक सॉफ्टवेअर टाकलं. त्यात लंबक, स्प्रिंग, उतारावरून घरंगळणारा गोळा, सगळं पडद्यावर खऱ्यासारखं हलायचं.

"केवढ्याला पडलं, मॅडम?" मामांनी विचारलं.

"फुकट आहे, मामा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं."

"म्हंजे किल्ली कुणाकडंच न्हाई?" मामांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅडमना मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं. इकडं मीना नावाच्या पोरीनं पडद्यावरचा लंबक माऊसनं धरून जत्रेतल्या पाळण्यासारखा लांब ओढला, सोडला आणि गणित केलं. उत्तर आलं नऊशे एकवीस. दुसऱ्यांदाही तेच.

"मामा, तुमचं पुस्तक चुकलंय जनू," मीना म्हणाली. पोरं हसली.

मामांचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत गावानं त्यांना एकच मोठेपणा दिला होता, की संतरामचं उत्तर चुकत नाही. तोच आता पोराटोरांच्या हसण्यावारी गेला. ते तडक प्राचार्य रामप्रसाद सरांकडे गेले. सरांचा विषय इतिहास.

"कंपनीचा माणूस बोलाव," सर म्हणाले.

"कंपनीच न्हाई, सर."

"मग चुकलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? फुकटाचं हेच वाईट!"

तरी सरांनी जावक क्रमांक टाकून तक्रार लिहिली: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या लंबकाचे गुरुत्वाकर्षण एकोणसाठने कमी भरत असून तात्काळ पूर्तता करावी.' मीनानं तिचं इंग्रजी करून मोबाइलवरून सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर पाठवलं. दोन तासांत परदेशातल्या कुणा माणसाचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, लंबक किती ओढून सोडला होता?

"फुकट काम करून राहिला आन् वर आभार मानून राहिला?" मामा म्हणाले.

"काहीतरी भानगड आहे," सर म्हणाले.

पण तो प्रश्न मामांच्या डोक्यात अडकला. किती ओढला? त्यांच्या आधीच्या परिचरानं त्यांना बजावलं होतं: लंबक चार बोटंच ओढायचा. काहून, ते सांगितलं नव्हतं; सूत्र लहान झोक्यालाच लागू पडतं, हे त्यालाही ठाऊक नसावं. पल्याड कपाट आहे, गोळा काचेवर आदळेल, असं मामांनी आपलं धरून चाललं होतं.

"मीने, चार बोटंच वढ बरं."

"मामा, पडद्यात कुठं कपाट हाय?"

"वढ म्हणतो ना!"

तिनं ओढला. उत्तर आलं नऊशे ऐंशी. मामा इतके खूश झाले की भरात त्यांनी कपाटच उघडलं. धूळ झटकून खरा गोळा दोऱ्याला बांधला, चार बोटं ओढला आणि घड्याळ लावून झोके मोजले. मीनानं गणित केलं.

नऊशे चौऱ्याहत्तर.

पुन्हा मोजलं. नऊशे अडुसष्ट. मामा स्टुलावर बसले. सव्वीस वर्षं पोरांना दिलेलं उत्तर त्यांच्या स्वतःच्या हातून काही केल्या येईना. पुस्तक मिटून ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. मीनाला गप्प करणं काही अवघड नव्हतं. बराच वेळ किल्ल्यांशी चाळा करून त्यांनी लाल पेन काढला, नऊशे ऐंशी खोडलं आणि शेजारी लिहिलं: ९७४, सोता मोजलं.

सोमवारी दिपामॅडम परतल्या. टेबलावर चाळीस जर्नलं होती. चाळीसही जर्नलांत नऊशे चौऱ्याहत्तर.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, सगळ्यांचं सारखं कसं?"

"मॅडम, मामानं सोता मोजलंय," मागून कुणीतरी म्हणालं, "ते काय खोटं हाय का?"

मामांना आयुष्यात एवढी शाबासकी मिळाली नव्हती, आणि एवढी लाजही वाटली नव्हती. ते दारातनं आत आले. "उठा रे. एकएकानं मोजायचं. चार बोटं. माझं पाहून लिव्हलं तर बघा."

दुपारपर्यंत मोजणी चालली. नऊशे एक्क्याण्णव आलं, नऊशे बासष्ट आलं, एक हजार चार आलं. एका पठ्ठ्यानं तर झोकेच निम्मे मोजले आणि दोनशे पंचेचाळीस काढून दाखवलं. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. मॅडमचा चेहरा फुलत चालला होता, मामांचा उतरत.

"मॅडम," शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "यातलं पुस्तकात कंचं लिवू?"

"सगळेच लिहा, मामा. नावांसकट."

मामांनी कोरं पान काढलं, रेघा आखल्या आणि पहिल्या ओळीत, दोनशे पंचेचाळीसवाल्याकडे डोळे वटारत, स्वतःचं नाव घातलं.