गार रिअ‍ॅक्टर

"मॅडम, जॅकेटचं पाणी आज गारच परत येतंय," बबनराव म्हणाले. "रोज कोमट असतं."

दुपारचे साडेबारा वाजले होते. मी तापमानाचा काटा पाहिला. दहा अंश. मला हवं होतं तेवढंच.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणाले.

बबनराव धायरीचे. चोवीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. मी प्रोसेस इंजिनिअर. रोज स्वारगेटहून कंपनीच्या बसने घाटापलीकडच्या कारखान्यात जायची.

बॅच रिअ‍ॅक्टर म्हणजे आत ढवळणी बसवलेलं मोठं बंद भांडं. माल भरायचा, रिअ‍ॅक्शन पुरी होऊ द्यायची, रिकामं करायचं, धुवायचं, पुन्हा भरायचं. आमच्या रिअ‍ॅक्शनमधून भरपूर उष्णता निघे. म्हणून दुसरं रसायन एकदम न ओतता सहा तास हळूहळू सोडायचं. हे डोसिंग. भांड्याची भिंत दुहेरी असते, ते जॅकेट. त्यातून थंड पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन बाहेर येतं.

त्या सकाळी प्लँट हेड देवधर सरांनी मला बोलावलं.

"डोसिंग तीन तासांत बसवा. ऑर्डर मोठी आहे."

"सर, उष्णता दुप्पट वेगाने निघेल."

"मग गार ठेवा. इंजिनिअर आपण आहात, मी नाही."

लॅबमध्ये आधी करून बघू, असं म्हणायला हवं होतं. दोन दिवस लागले असते. मी तापमान तीसवरून दहावर आणलं आणि बॅच शीटवर सही केली.

गारव्यात रिअ‍ॅक्शन मंदावते. सोडलेलं रसायन वापरलं जात नव्हतं, नुसतं साठत होतं. पाणी गार परत येत होतं, कारण आत काही घडतच नव्हतं. बबनराव मला तेच सांगत होते.

सव्वा वाजता साठलेल्या रसायनाची रिअ‍ॅक्शन एकदम सुरू झाली आणि काटा हलला. बारा. पंधरा. बावीस. मी डोसिंग बंद केलं. उपयोग नव्हता, जायचं ते रसायन आत गेलेलं होतं. तापमान वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान आणखी वाढतं. चाळीस. साठ.

अशा वेळी तळाचा व्हॉल्व्ह उघडून सगळा माल खालच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. मी पॅनेलवरचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह अडकला होता.

"बबनराव, बाहेर चला."

"शेजारी पॅकिंगच्या बाया हायत. तुम्ही त्यांना काढा."

ते व्हॉल्व्ह हाताने उघडायला जिन्याने खाली गेले. मी पॅकिंगकडे धावले. अकरा बायका होत्या. शेवटची दाराबाहेर पडत असताना मागून वाफेचा आवाज आला.

रिअ‍ॅक्टर वाचला. बबनरावांचे दोन्ही डोळे गेले.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'ऑपरेटरने परवानगीशिवाय व्हॉल्व्ह हाताने उघडला.' मी वेगळं पत्र लिहिलं. तापमान मी बदललं, त्यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

देवधर सरांनी ते शांतपणे वाचलं. "त्यांनी सांगितल्याची नोंद आहे का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर."

पत्र रिपोर्टला जोडलं गेलं नाही. मी ते हेड ऑफिसलाही पाठवलं. उत्तर आलं नाही. महिन्याभराने मी राजीनामा दिला. तो मात्र त्याच दिवशी मंजूर झाला.

मग धायरीला गेले. बबनराव ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं.

"बाया समद्या निघाल्या ना?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"सगळ्या."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही.

"मला वाटलंच हुतं कायतरी बिघडलंय," ते म्हणाले. "पण तुम्ही शिकलेल्या. दुसऱ्यांदा कसं बोलणार?"



रिअ‍ॅक्शन गार केली की थांबत नाही, साठत जाते. हे इंजिनिअरिंगला शिकवतात. त्या पेपरात मला पैकीच्या पैकी मार्क होते.