तीन हंगामांचं बियाणं

जळकोटकडचं ते तुरीचं शेत मी अजून विसरलेलो नाही. नववीत शाळा सोडून कोकणातून पोलीस शिपाई म्हणून इकडे आलो. इथल्या माणसांनी सांभाळून घेतलं, म्हणून फौजदार होऊन निवृत्त झालो.

तुरीच्या आत गांजा आहे, अशी खबर आली. डायरीला नोंद घेतली, वरिष्ठांना लेखी कळवलं, पंचांसह छापा घातला. सातबारा सत्तरीतल्या एका म्हाताऱ्याचा, शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसराच करायचा. बटईदार म्हणाला, "मालकानं लावलाय. म्या निस्तं तुरीला पाणी देतो." म्हातारा घरी बाजेवर बसून "मला ठावं न्हाई" एवढंच म्हणत राहिला. जमीन त्याची, म्हणून कच्च्या कागदावर पहिला आरोपी मी त्यालाच केलं. या गुन्ह्यात जामीन सहजासहजी होत नाही. म्हातारा तुरुंगातच दगावला तर, ही धाकधूक मात्र जाईना.

आमची महिला शिपाई लहानपणी कपाशीच्या सीड प्लॉटवर, बियाणं तयार करायच्या शेतात, कामाला जायची. पंचनामा चालू असताना ती म्हणाली, "साहेब, झाडं बघा, सगळी एका मापाची. अन् निवडक झाडांना लाल दोरा. ही बियाण्याला राखलीत. जाणत्याचं काम हाय."

ठाण्यात बटईदाराला चहा दिला आणि सहज म्हणालो, "लावणारा अडाणीच दिसतो. बियाणं भेसळ आहे."

तो ताठ झाला. "भेसळ? तुमी कोकणातले, तुमाला काय कळतंय! तीन हंगाम निवडून ऱ्हायलो. उंच गेलेलं उपटलं, उशिरा फुललेलं उपटलं. आता एक झाड बघा, समदी बघितल्यावानी हायेत!"

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

"मग बियाणं कुठं ठिवलंय, मामा?" शिपाई बाईनं विचारलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आरोपीनं काढून दिलेला माल टिकतो. पंचांसमोर त्यानं स्वतःच्या घरातल्या माळ्यावरून राखेत ठेवलेल्या बियांची तीन गाडगी काढून दिली, हंगामाप्रमाणे वेगवेगळी. गुन्हा लपवणारा माणूसही आपल्या हातच्या कामाला नावं ठेवलेली सहन करत नाही, हे तिथं पक्कं कळलं.

म्हातारा साक्षीदार झाला. जबाब घ्यायला घरी गेलो, तेव्हा मी माफी मागितली.

तो म्हणाला, "साहेब, पयल्या दिशी एवढं तरी इचारायचं, शेतात कधी गेलता म्हणून. गुडघ्यापायी चार वर्सं झाली, बांध चढलो न्हाई."

त्यानंतर कुणाचंही नाव कागदावर घेण्याआधी मी त्याला उठून चार पावलं चालायला लावायचो.