छताच्या कडेचा बर्फ
ओल्या प्लास्टरचा वास आला की अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरातली ती दुपार आठवते, आणि तिच्याविषयी माझी मुलगी जे सांगते ते साफ खोटं आहे, हेही आठवतं. "आई जात होती आणि बाबा छत वाचवत होते," असं ती सर्वांना सांगते. मी छत वाचवत नव्हतो. छतावरचा बर्फ मी दर हिवाळ्यात लांब दांड्याच्या फावड्याने वेळीच ओढून काढत असे. त्या वर्षी आजारी पत्नीच्या उशाशी बसून होतो, म्हणून तो साचला. तिला थंडी सोसवत नसल्याने घर फार तापवलेलं होतं. त्या उबेने वरचा बर्फ वितळे, पाणी कडेला येऊन पुन्हा गोठे, त्याचा बांध होई, आणि त्यामागे तुंबलेलं पाणी आत झिरपून तिच्या पलंगाशेजारच्या बादलीत ठिबके. पलंग हलवला की ती कळवळे. "अहो, तेवढं टपटप थांबवा हो," ती मला म्हणाली, "डोक्यात पडतंय." तेव्हा मुलगी शेजारच्या खोलीत डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. मी कोट चढवलेला पाहून ती ओरडली, "बाबा, प्लीज, रूफचं नंतर बघू ना!" मी शिडीवर चढलो, बर्फाच्या बांधाला खाच पाडली आणि तुंबलेलं पाणी बाहेर काढलं. आत आलो तेव्हा बादलीतला आवाज थांबला होता आणि मुलगी आईचा हात धरून रडत होती. थेंब आधी थांबले की श्वास, हे एकट्या मुलीलाच ठाऊक आहे. तिचं प्रत्येक म्हणणं मी आजवर खोडून काढलं. एवढं विचारायला मात्र माझ्याने तिला फोन करवत नाही.